चित्र जगभर गेले, गाणे घरीच राहिले : जव्हार-मोखाड्याची वारली भाषा

१/ वारल्यांच्या लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्याच घरात धवलेरी गाणी गाऊन लग्न लावते. चौकाची चित्रशैली आज जगाला ठाऊक आहे. धवलेरीची भाषा मात्र जवळच्या शहरालाही ठाऊक नाही. असे का झाले? #थ्रेड

२/ जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. येथील दहांपैकी सुमारे नऊ माणसे आदिवासी : वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. घरची बोली वेगळी. कचेरीची आणि शाळेची भाषा प्रमाण मराठी.

३/ वारलीला कोणत्या खणात ठेवावे, हे बाहेरच्यांनीच ठरवले. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या खंडात ती मराठीची बोली ठरली. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत तिचे भाषक ‘भिली/भिलोडी’ या गटात मोजले गेले. दोन्हीकडे ती दुसऱ्या कोणाच्या तरी नावाखाली राहिली.

४/ नावाचा हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. १९५६ साली संविधानात आलेले कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयी सांगते. जिला ‘बोली’ मानले, तिच्यासाठी ही सोय कोण मागणार?

५/ चित्राची वाट निराळी. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे डहाणू परिसरातील चित्रे शहरांत पोहोचली. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरून कागदावर आलेल्या चित्राला अनुवाद लागत नाही. पण विकले जाणारे चित्र लग्नापासून आणि धवलेरीच्या गाण्यापासून सुटे झाले.

६/ तारप्याचेही काहीसे तसेच. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांतून घडणारे हे वाद्य. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे वादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. सन्मान रास्तच, पण सुरालाही शब्दांची अडचण नसते.

७/ भाषेची खरी कसोटी पहिलीच्या वर्गात लागते. घरी एक भाषा आणि पुस्तकात दुसरी. त्यामुळे गप्प बसलेले मूल ‘मागे’ ठरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात शाळाच मुलांच्या अंगणात आणि कुरणात नेली. मुलाच्या जगापासून आरंभ करण्याची ही दृष्टी याच मुलखात रुजली होती.

८/ त्यात स्थलांतराची भर. भातकापणी उरकली की अनेक कुटुंबे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. कणसरी या धान्यदेवीच्या कथा पिकाच्या आणि पूजेच्या प्रसंगी गायल्या जातात. प्रसंग सुटला की कथा ऐकणारे कानही उरत नाहीत.

९/ हा प्रश्न जगात एकट्या वारलीचा नाही. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन बेटावर मँक्स ही केल्टिक भाषा होती. तिचे अखेरचे जन्मजात भाषक नेड मॅड्रेल १९७४ साली वारले. २००१ साली तेथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा उघडली. युनेस्कोने २००९ साली भाषेला ‘मृत’ म्हटले, तेव्हा त्या शाळेतील मुलांनी मँक्समध्येच पत्रे लिहून आक्षेप घेतला. नोंद बदलावी लागली.

१०/ मँक्सला अखेरच्या भाषकांच्या ध्वनिमुद्रणांचा आधार होता. वारलीजवळ त्याहून मोठे धन आहे : आज बोलणारी माणसे. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाच्या महाराष्ट्र खंडात तिची नोंद झाली आहे. नोंद भाषेला ओळख देते. भाषक मात्र घर आणि शाळाच देतात.

११/ मोखाड्याचा बोहाडा या संदर्भात पाहण्याजोगा आहे. देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात, आणि सोंगाचा मान घराण्यात पिढ्यानपिढ्या चालतो. बापानंतर मुखवटा कोणी घ्यायचा, हे ठरलेले असते. धवलेरीनंतर गाणे कोणी घ्यायचे, हेही तसेच ठरायला हवे. चौक भिंतीवर पुन्हा लिहिता येईल. गाणे मात्र कोणाला तरी मुखोद्गत असावे लागते.