पहिल्या पानावरची वेल

काही मंडळींचं नशीबच असं, की हजेरीपटात नाव पहिलं आणि वर्गात ओळख कुणाचीच नाही. आपल्या मोरवेलीचं तसं झालं आहे. थिओडोर कुक नावाच्या साहेबाने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा जाडजूड ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. त्या वेळच्या वर्गीकरणाप्रमाणे त्यात पहिला मान या वेलीच्या कुळाचा. पण डहाणूतल्या बंगल्यांच्या फाटकांवर पाहावं तर बोगनवेल, मूळ गाव ब्राझील. मागच्या वाडीत चिकू, तोही मेक्सिकोकडचा. मोरवेल बिचारी तलासरीकडच्या डोंगरउतारावर, कुठल्या तरी करवंदीच्या जाळीवर चढून बसलेली.

या कुकसाहेबाची कारकीर्द मोठी मजेची. माणूस आयर्लंडचा, पेशाने इंजिनिअर. ‘बीबीसीआय’ रेल्वेच्या नोकरीत वसईचा लोखंडी पूल त्याने उभारला, १८६५ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला आणि निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू बागेत बसून आपल्याकडची फुलं मोजली. (आपल्याकडचा इंजिनिअर निवृत्त झाला की सोसायटीचा सेक्रेटरी होतो.) म्हणजे डहाणूकडे जाणारा पूल आणि तिकडच्या रानाची मोजदाद, दोन्ही एकाच हातची! आणि गंमत अशी, की यादीतल्या या पहिल्याच वेलीच्या फुलाला पाकळ्या नाहीत. आपण पाकळ्या समजतो ती पांढरट निदलं.

मोरवेल म्हणजे साहेबाची क्लेमॅटिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ वेलीची फांदी, म्हणजे वेलीचं नाव वेल! आपल्या एका जातीला रॉक्सबर्गने बंगालमधल्या गौड या पडक्या राजधानीचं नाव चिकटवलं. विलायतेत हिची चैन निराळीच. १८५८ साली वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत चीनहून आलेल्या मोठ्या फुलांच्या वेलीचा युरोपातल्या वेलीशी संकर झाला. चार वर्षांनी जांभळी फुलं आली आणि सारा इंग्लंड त्यांच्यामागे वेडा झाला.

ते वेड डहाणूपर्यंत पोचायला जरा उशीर झाला, इतकंच. आमच्या एका स्नेह्यांनी तशी जांभळी वेल मागवली. पुस्तकात लिहिलेलं, ‘मुळं गारव्यात, डोकं उन्हात.’ डोक्याची सोय डहाणूत फुकट होते. मुळांसाठी ते रोज सकाळी फ्रिजमधला बर्फ कुंडीत घालत. घरात सरबताला बर्फ उरेना. वैशाखात वेल गेली, आणि वहिनींनी फारसा शोक केला नाही.

मोरवेलीला यातलं काही लागत नाही. पावसाळा सरला की बारीक फुलांनी ती अख्खं झुडूप झाकते. पुढे प्रत्येक बीला पिसासारखी शेपटी फुटते. चढते ती पानांच्या देठांनी. देठ आधाराला विळखा घालतो, म्हणून जाड बांबू तिच्या कामाचा नाही. बारीक काटकी, सुतळी, तार हवी. बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा. बी उडून गेलं की पावसाआधी छाटायची, पण हाताला फडकं गुंडाळून. रस अंगाला लागला तर फोड येतात. युरोपात भिकारी हिच्या एका बहिणीचा रस अंगाला चोळून फोड उठवत आणि दयाळू माणसांपुढे हात पसरत. फ्रेंचांनी तिचं नावच ‘भिकाऱ्यांची वेल’ ठेवलं.

हिला मंडप नको, जाळी हवी. आणि नेमकी जाळीच राहील की नाही याची शंका आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. आता बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू-तलासरीतून जातो आहे, आणि वाढवणच्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. रस्ता हवा, गाडी हवी, हे मलाही कळतं. गाडीने प्रवास मीही करतो. पण रुळांसाठी उतार खोदला की करवंदीची जाळी सगळ्यात आधी जाते. सातबाऱ्यावर चिकूची झाडं मोजून भरपाई मागता येते. मोरवेलीची नोंद कुकसाहेबाच्या पुस्तकात, ती तलाठ्याला काय उपयोगाची?

गेल्या हिवाळ्यात मी पिसं आलेलं थोडं बी वेचलं आणि कागदाच्या पुडीत स्नेह्यांना नेऊन दिलं. जूनमध्ये कुंपणाशी टाका म्हटलं. त्यांनी पुडी उघडून पाहिली, पिसावर हळूच फुंकर घातली आणि विचारलं,

“अहो, पण बर्फ किती घालायचा?”

आतून वहिनींनी फ्रिजचं दार लावल्याचा आवाज आला.