रंग जरा सरकलेला...

जून 2023. सीवूड्स स्टेशनला लागून असलेल्या मॉलमध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' बघत होतो. त्यात 'मुंबॅटन' नावाचं शहर येतं आणि तिथला स्पायडर-मॅन, पवित्र प्रभाकर, गर्दीवरून झोके घेत सुटतो. दोन मिनिटांत वाटायला लागलं, हे रंग आपण कुठेतरी पाहिलेत. घरी येऊन शोधलं. मुंबॅटनचं रूप सत्तरच्या दशकातल्या इंद्रजाल कॉमिक्सवरून घेतलंय म्हणे! च्यायला, म्हणजे आपला वेताळ!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंद्रजाल 1964 साली मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलं, 1990 मध्ये ते बंद पडलं. मराठीतही निघायचं. गोष्टी ली फॉकच्या, आतली वेताळाची बरीचशी चित्रं साय बॅरीची. म्हणजे माल अमेरिकन. मुखपृष्ठं मात्र इथे रंगवलेली, बरीचशी बी. गोविंद यांची. 1976 मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' आणला, तोही गोविंद यांनीच काढला. आणि छपाई इथली.

ही छपाईच महत्त्वाची, असं माझं मत.

कॉमिक्स पडद्यावर आणायचे प्रयत्न जुनेच आहेत. 1990 च्या 'डिक ट्रेसी'त मोजकेच भडक रंग वापरले. 2003 च्या 'हल्क'मध्ये अँग लीने पडद्याच्याच चौकटी पाडल्या. पण चौकटीतली गंमत अशी की कुठे थांबायचं, कधी मागे जायचं हे वाचणारा ठरवतो. थिएटरात ते दिग्दर्शक ठरवतो. त्यामुळे चौकटी आल्या, वाचन आलं नाही. 2005 च्या 'सिन सिटी'ने चित्रकाराची काळीपांढरी रेघ उचलली, ते जास्त जमलं.

2018 च्या पहिल्या 'स्पायडर-व्हर्स'ने थेट छापखानाच उचलला. कॉमिक्समध्ये निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा हे चार रंग एकावर एक छापले जातात. एखादा केसभर सरकला की आकृतीच्या कडेला रंगाची झालर दिसते. या सिनेमात जे फोकसबाहेर आहे ते धूसर केलं नाही, त्याचे रंग असे सरकवले. वर छपाईचे ठिपके. म्हणजे छापखान्यात जी चूक टाळायला माणूस धडपडायचा, तीच चूक करायला इथे माझ्यासारखे लोक कोड लिहीत बसले :)

लहानपणी असा रंग सरकलेला अंक आला की मी पेपरवाल्याकडे परत घेऊन जायचो. "काका, हा खराब आहे, दुसरा द्या." ते वैतागून बदलून द्यायचे. चांगले चांगले अंक जमवून मी दोन जाड व्हॉल्यूम बांधून घेतले होते. सीवूड्सला घर बदललं तेव्हा जागा नाही म्हणून ते रद्दीत किलोवर गेले. मीच दिले.

मुंबॅटन पाहताना म्हणून आनंद झाला आणि जरा टोचलंही. सिनेमाने त्या पानांचा पोत बरोब्बर पकडलाय. पण मूळ शेजारी ठेवून बघावं, तर पान कुठाय? सिनेमा बनवणाऱ्यांनी तरी ते जपून पाहिलं.

असो. तुमच्या माळ्यावर एखादा वेताळ पडला असेल तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडा. आणि रंग सरकलेला असेल तर तोच आधी ठेवून घ्या.