वारुळावरची अळंबी : एका नावाचा इतिहास

भूछत्रांसाठी मराठीत दोन शब्द सहज तोंडी येतात : 'अळंबी' आणि 'कुत्र्याची छत्री'. शास्त्रीय अर्थाने ही कोणत्याही दोन जातींची नावे नव्हेत. जे खाता येते ते पहिले आणि जे पायाने उडवून द्यायचे ते दुसरे, एवढाच त्यांतला भेद. म्हणजे येथे वर्गीकरण आहे, पण ते ताटाच्या बाजूने केलेले आहे. संस्कृत धर्मशास्त्राने हा भेदही मानला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीला 'कवक' सरसकट निषिद्ध ठरले आहे. तोच शब्द आज मराठी परिभाषेत एका संपूर्ण सृष्टीचे नाव झाला आहे, हा शब्दांच्या नशिबाचा भाग.

ज्या अळंबीविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे, ती मात्र लोकभाषेने नेमकी ओळखलेली आहे. पावसाळ्यात वारुळावर किंवा वारूळ जमिनीत दडलेले असेल तेथे उगवणारी ही अळंबी कोकण-गोव्यात मोठ्या आवडीने खाल्ली जाते. कोंकणीत वारुळाला 'रोंयण' म्हणतात आणि तेच विशेषण या अळंबीस लागते. सातेरी देवीचे पूजन याच प्रदेशात वारुळाच्या रूपाने होते, हेही लक्षात ठेवावे. वाळवी आणि अळंबी यांचे नाते लोकांनी नावातच नोंदवून ठेवले होते. शास्त्राला ते नाते नावात आणण्यास १९४२ साल उजाडावे लागले. मधला काळ कशात गेला, हे पाहण्यासारखे आहे.

लिनीअसचा शिष्य योहान गेरहार्ट क्यॉनिग हा तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. दक्षिण भारतातील वाळवीविषयीचे त्याचे निरीक्षण १७७९ साली प्रसिद्ध झाले, आणि वारुळाच्या आतील कवकाची दखल घेणाऱ्या पहिल्या लेखनांत त्याची गणना होते. दोनच वर्षांनी, १७८१ साली, हेन्री स्मीथमनने आफ्रिकेतील वाळवीवर लिहिले. वारुळातील स्पंजासारख्या कप्प्यांना त्याने पिल्लांची संगोपनगृहे मानले. या दोघांचेही लक्ष मुख्यतः वाळवीकडे होते.

अळंबीकडे पाहणारी मंडळी वेगळी होती, आणि ती दूर होती. श्रीलंकेतून जॉर्ज गार्डनरने धाडलेल्या नमुन्यांवरून माइल्स जोसेफ बर्कली या इंग्रज धर्मोपदेशकाने १८४७ साली एका जातीस 'ॲगॅरिकस युरायझस' असे नाव दिले. 'युरायझस' म्हणजे 'चांगल्या मुळाचा'. बर्कली स्वतः श्रीलंकेत कधी गेला नाही. देठाच्या तळाशी मुळासारखे लांबत गेलेले शेपूट त्याने अचूक टिपले; पण ते शेपूट कोठे पोचते, हे नमुन्यात दिसण्यासारखे नव्हते. कवकाला मूळ नसतेच. तो देठाचाच भाग असतो आणि मातीतून खाली उतरत वाळवीच्या घरापर्यंत जातो. जो सर्वांत मोलाचा पुरावा, तोच खोदताना तुटून मागे राहतो.

गोंधळ आणखी वाढवणारी गोष्ट वारुळाच्या आत होती. वाळवी मेलेले लाकूड आणि पालापाचोळा खाते आणि विष्ठेच्या गोळ्यांपासून पोळ्यासारखी रचना उभारते. तिच्यावर कवक वाढते, लाकडातील पचण्यास कठीण द्रव्ये फोडते, आणि त्याचे पांढरे बारीक मणी वाळवी खाते. या मण्यांना एका स्वतंत्र कवकाचे नाव मिळाले होते. वाळवी निघून गेली की याच पोळ्यावर 'झायलेरिया' नावाचे काळसर, काडीसारखे कवक उगवते. मग वाळवीचे कवक नेमके कोणते? मणी, छत्री की काडी? टॉम पेच याने श्रीलंकेत पेरादेनिया येथे हा प्रश्न वारुळे उकरून तपासला आणि १९०६ साली त्यावर विस्तृत निबंध लिहिला. वाङ्मयाच्या अभ्यासकांस हा प्रश्न परका वाटू नये. एकाच संहितेची तीन पाठांतरे आहेत, की तीन वेगळ्या संहिता एका बाडात बांधल्या आहेत, असा हा पेच होता.

तो सोडवणारे नाव फ्रेंच कवकशास्त्रज्ञ रोजे एम याने १९४२ साली दिले : 'टर्मिटोमायसेस', म्हणजे 'वाळवीचे कवक'. (जाती आणि तिच्या वरची प्रजाती, असा विश्वकोशीय अर्थ आम्ही येथे घेतला आहे.) आजवर निरनिराळ्या प्रजातींत विखुरलेल्या जाती त्याने या एका प्रजातीत आणल्या, आणि बर्कलीची जाती 'टर्मिटोमायसेस युरायझस' झाली. एम फ्रेंच प्रतिकार चळवळीत होता. या नामकरणानंतर त्याला पकडून नाझी छळछावण्यांत पाठवण्यात आले; तेथून तो जिवंत परतला आणि पुढे पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयाचा संचालक झाला. १९७९ साली के. नटराजन यांनी दक्षिण भारतातील एका नव्या जातीस 'टर्मिटोमायसेस हायमी' असे त्याचे नाव दिले. त्याच वर्षी एमचे निधन झाले.

पुढे जनुकीय अभ्यासांनी या प्रजातीचे एकत्व पक्के केले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की वाळवीची ही शेती आफ्रिकेत एकदाच सुरू झाली आणि ती सुरू करणाऱ्या शाखेने पुन्हा कधी सोडली नाही. टांझानियात सापडलेल्या अशा शेतीच्या जीवाश्मांचे वय सुमारे अडीच कोटी वर्षे आहे.

मग ओळखावे कसे? टोपीच्या मध्यावर माती भेदणारे टोकदार उंचवटे, देठाला न चिकटलेले पडदे, कागदावर टोपी पालथी ठेवल्यास उमटणारी गुलाबीसर बीजाणूंची छाप आणि खाली वारुळापर्यंत गेलेला देठ, ही लक्षणे एकत्र पाहावी लागतात. हिरवट छाप देणारे 'क्लोरोफायलम' पोटात तीव्र विषबाधा घडवते. 'अमॅनिटा'ची छाप पांढरी असते, बुडाशी बहुधा पिशवी असते, आणि तिच्या काही जाती प्राणघातक आहेत. चांदीचा चमचा काळा पडतो, किडा लागलेले चालते, असल्या कसोट्यांना कोणताही आधार नाही. पुस्तकातले वर्णन वाचून रानातली अळंबी शिजवू नये, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

या इतिहासातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. वाळवीच्या बहुतेक गटांत नवे वारूळ वसवणारी जोडी कवक बरोबर नेत नाही. पहिल्या कामकरी वाळव्या बाहेर पडून त्याचे बीजाणू गोळा करतात, आणि ते बीजाणू उमललेल्या अळंबीतूनच येतात. बाजारात मात्र न उमललेल्या कळीस भाव अधिक. या अळंबीची बटण अळंबीप्रमाणे लागवड करता आलेली नाही. म्हणजे कळ्या सरसकट खुडल्या आणि वारुळे सपाट केली, तर पुढच्या वारुळांची शेती बियाण्यावाचून राहते. गोव्यातील कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी याच अळंबीच्या संरक्षणाचा आग्रह वर्षानुवर्षे धरला आहे.

नावाचे मोल येथे कळते. 'चांगल्या मुळाचा' हे नाव वस्तूचे वर्णन करते; 'वाळवीचे कवक' हे नाव नाते सांगते. रोंयणीची अळंबी म्हणणाऱ्यांनी ते नाते आधीच सांगून ठेवले होते. ते नाते तुटले, तर नाव ग्रंथात शुद्ध राहील आणि रानात त्याला अर्थ उरणार नाही.