वारा, पाणी आणि दक्षिणेचे दार

दिवाळी तोंडावर आली की घरोघर झाडलोट सुरू होते. भिंतींना रंग लागतो, माळ्यावरची भांडी खाली उतरतात, आणि कपाट कुठे ठेवायचे, आरसा कुठल्या भिंतीला लावायचा, यावरून घरच्या मंडळींत एक लहानसे युद्ध जुंपते. गेल्या काही वर्षांत या युद्धात एक चिनी शब्दही उतरला आहे : फेंगशुई. दारात किणकिणणाऱ्या नळ्या, तोंडात नाणे धरलेला तीन पायांचा बेडूक आणि पोट सुटलेला हसरा बुद्ध, एवढीच बहुतेकांना त्याची ओळख. मूळ विद्या मात्र याहून पुष्कळ निराळी आहे, आणि तिची कथा ऐकण्याजोगी आहे.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. भूमीतून 'ची' नावाचा प्राणप्रवाह वाहत असतो. वारा त्याला उधळून लावतो, पाणी त्याला अडवून धरते, अशी चिनी लोकांची जुनी श्रद्धा. गंमत अशी की, या विद्येचा जो अत्यंत मान्य ग्रंथ, तो घरांविषयी नाहीच. तो थडग्यांविषयी आहे! पितरांच्या अस्थी योग्य जागी विसावल्या तर वंशाचे कल्याण होते, हा त्याचा विषय. परंपरेने तो ग्वो पू (२७६–३२४) या पंडिताच्या नावावर आहे. आधुनिक संशोधकांना मात्र ते कर्तृत्व मान्य नाही. या ग्वो पूचा शेवट मोठा विलक्षण झाला. वांग दुन नावाच्या सेनापतीने बंडाचा बेत आखून त्याला कौल विचारला. यश येणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. सेनापतीने संतापून त्याचा प्राण घेतला; आणि त्याच वर्षी बंडही फसले व सेनापतीही मेला.

या विद्येने जगाला एक मोठी देणगी दिली, ती होकायंत्राची. खलाशांच्या हाती जाण्यापूर्वी लोहचुंबकाची सुई जागा पारखणाऱ्यांच्या हाती होती. ही सुई नेमकी दक्षिणेकडे न राहता किंचित पूर्वेकडे कलते, हे शेन क्वो या विद्वानाने १०८८च्या सुमारास नोंदवून ठेवले. आपण सुई उत्तर दाखवते असे म्हणतो; चिनी माणूस ती दक्षिण दाखवते असे म्हणतो.

दक्षिणेचे हे एवढे अगत्य कशासाठी? आपल्याकडे दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे दार नको म्हणून माणसे चांगले घर सोडून देतात. चीनमध्ये मात्र सम्राट सिंहासनावर बसे तो दक्षिणेकडे तोंड करून. बीजिंगचा, म्हणजे आपल्या वडीलमंडळींच्या पेकिंगचा, राजवाडा १४०६ ते १४२० या काळात उभा राहिला. त्याचे मुख्य महाल दक्षिणाभिमुख आहेत, आणि पाठीशी, उत्तरेला, खंदकाच्या मातीची एक टेकडीच रचली आहे. कारण उघड आहे. त्या प्रदेशात हिवाळ्यात सैबेरिया-मंगोलियाकडून हाडे गोठविणारा वारा येतो, आणि ऊन मिळते ते दक्षिणेकडून. तेव्हा वाऱ्याकडे पाठ आणि सूर्याकडे तोंड, हे शहाणपण आधी. शुभाशुभाची भाषा त्याच्यावर मागाहून चढली असावी.

सामान्यांचे घरही याच धर्तीचे असे. मध्ये चौक, चारी बाजूंना खोल्या. आपल्या वाड्याची आठवण व्हावी असे. दार आग्नेय कोपऱ्यात. आत शिरताच समोर आडवी भिंत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर थेट चौकात जाऊ नये. मुलांचे संसार पूर्व-पश्चिमेच्या खोल्यांत, आणि उत्तरेकडची दक्षिणाभिमुख खोली, जिथे हिवाळ्यातले ऊन आत येई, ती घरातल्या वडीलधाऱ्यांची.

१९४९ साली राज्य पालटले आणि ही विद्या अंधश्रद्धा ठरली. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत तर तिच्यावर घाला आला. हाँगकाँग आणि तैवानमध्ये मात्र ती टिकून राहिली. हाँगकाँगमध्ये १९८५ साली पुऱ्या झालेल्या एका बड्या बँकेच्या गगनचुंबी इमारतीसाठीसुद्धा जाणत्याचा सल्ला घेण्यात आला होता. पुढे ती पश्चिमेकडे गेली आणि तिथून बाजारात उतरली. जागा निवडण्याची विद्या वस्तू विकण्याची विद्या झाली. तो हसरा बुद्धही गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकाच्या आसपास झोळी घेऊन हिंडणारा तो बुदाई नावाचा एक चिनी भिक्षू.

दुकानातून बेडूक आणता येतो. मंगोलियाचा वारा काही आणता येत नाही. आपल्याकडे वारा आणि पाऊस येतो तो नैर्ऋत्येकडून, आणि चैत्र-वैशाखात ऊन टाळावे लागते. म्हणजे दिशांचा हिशेब आपला आपणच मांडायला हवा. पण त्या चौकाच्या घरातली एक गोष्ट मात्र कुठल्याही मुलखात चालण्यासारखी आहे. यंदा सामान हलविताना आरसा कुठे लावायचा हे ठरेलच. त्याआधी घरातली सर्वांत उजेडाची, वाऱ्याची खोली कुणाच्या वाट्याला आली आहे आणि आजीची खाट कुठे पडली आहे, तेवढे पाहून घ्यावे.