रुपयाला किती शेर? दुष्काळातील ‘धारण’ कशी वाचावी (थ्रेड)

१/ एकोणिसाव्या शतकातील ज्वारीच्या किरकोळ दरांचा तक्ता मी प्रथम पाहिला, तेव्हा चक्क उलटा वाचला. दुष्काळी वर्षात आकडे उतरलेले दिसले आणि धान्य स्वस्त झाले असेच वाटले. प्रत्यक्षात त्या उतरत्या आकड्यांमागे उपासमार होती. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या निमित्ताने असे तक्ते कसे वाचावेत, ते पाहू.

२/ जुन्या मराठीत धान्याच्या बाजारभावाला ‘धारण’ म्हणत. आज आपण किलोला किती रुपये हे विचारतो. तेव्हा रुपयाला किती शेर किंवा किती पायल्या, हे विचारीत. म्हणून आकडा घटला की महागाई, वाढला की स्वस्ताई.

३/ यात आणखी एक चकवा आहे. धारण २० शेरांवरून १८ वर आली, तर भाव सुमारे ११ टक्क्यांनी चढतो; १० वरून ८ वर आली, तर २५ टक्क्यांनी. घट दोन्हीकडे दोनच शेरांची. धान्य जितके महाग, तितका एकेक शेर अधिक मोलाचा.

४/ शेरही सर्वत्र सारखा नव्हता. मुंबईचा शेर सुमारे २८ तोळ्यांचा, तर सरकारी प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. शिवाय दख्खनच्या बाजारांत धान्य पायली, अधोली, चिपटे अशा मापांनी मोजले जाई आणि गावागणिक माप बदले. जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करता यावी म्हणून सरकार हे दर प्रमाण शेरांत मांडून दर पंधरवड्याला राजपत्रात छापीत असे.

५/ १८७६ साली पावसाने दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी हे जिल्हे होरपळले. सोलापुरात रेल्वे १८६० सालीच पोहोचली होती; बाहेरचे धान्य आणता येत होते. पण शेतीची कामे थांबल्याने ते विकत घेण्यास मजुराच्या हाती पैसा नव्हता. सरकारने रस्ते, तलाव अशी दुष्काळी कामे काढली.

६/ येथे धारणेचा आकडा जिवाशी येऊन भिडतो. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉयने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुषाची मजुरी सुचवली, ती अशी : दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, अधिक एक आणा. म्हणजे मजुरी थेट बाजारभावाला बांधलेली.

७/ एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कचेरीत नोंदलेली धारण १० शेर, पण कामाजवळचा दुकानदार देतो ८ शेरच. मग ‘एक पौंडाच्या’ पैशांत मजुराला पाऊण पौंडाहून थोडेच अधिक धान्य मिळेल. कागदावर तो एक पौंडच राहील.

८/ मुळात एक पौंडच अपुरा होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात मजुरी घटवल्यावर हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली आणि गावोगावची दुष्काळी हकिकत गोळा करून सरकारपुढे ठेवली. सरकारी तक्त्याला आव्हान देणारी अशी साक्ष आपल्याकडे विरळाच. त्याच वर्षी मद्रासेत मजुरी वाढवावी लागली.

९/ १८८० च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखातील बळींचा अंदाज ५० लाखांहून अधिक दिला. भुकेमागे धान्याच्या तुटीइतकीच रोजगाराची तूटही आहे, हे आयोगानेही ओळखले. चढते भाव हा संकटाचा इशारा मानणारे दुष्काळी नियम पुढे झाले.

१०/ एकटी धारण मात्र अर्धीच गोष्ट सांगते. आपल्या जिल्ह्याचे जुने इंग्रजी गॅझेटियर उघडा. ‘भांडवल’ या प्रकरणात मजुरी, भाव आणि वजनेमापे बहुधा जवळजवळच सापडतील. शेरांऐवजी पौंडही असतील. मग एकच प्रश्न विचारा : त्या दिवसाच्या मजुरीत त्या दिवसाचे किती धान्य येत होते? उत्तर आले की तक्त्यातल्या आकड्यामागचा माणूस दिसू लागतो.