अठरा खांबांवरचा तंबू

मंडळी, रूफटॉप टेंट हा प्रकार तुम्ही एव्हाना पाहिला असेलच. गाडीच्या टपावर एक चपटी पेटी बोल्टने बसवलेली असते. मुक्कामाच्या जागी गाडी उभी करायची, पेटी उघडायची, शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं. साप-विंचवाची भीती नाही, चिखल नाही, मेखा ठोकायची कटकट नाही. जालावर शोधलंत तर सांगतात की हा प्रकार १९५०च्या दशकाच्या अखेरीस इटलीत विकायला आला. पुढे पूर्व जर्मनीतल्या लोकांनी तो ट्राबांट नावाच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या इवल्याशा गाडीवरही चढवला. ती गाडी आणि तिच्या डोक्यावरचा तो तंबू यांचे फोटो जरूर बघा, दिवस चांगला जाईल :)

पण उंच मचाणावर तंबू ठोकून झोपायची हौस इटालियन लोकांपेक्षा बरीच जुनी आहे. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत शाही छावणीचं वर्णन आहे. त्यात 'दो-आशियाना मंझिल' नावाची चीज आहे, म्हणजे दुमजली तंबू. सहा गज उंचीचे अठरा खांब, त्यावर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर पुन्हा खांब जोडून वरचा मजला. प्रवासात बादशहा वर झोपायचा आणि सूर्याची उपासनाही तिथूनच करायचा. सहा गज म्हणजे साधारण सोळा फूट. आपली शिडी त्यापुढे किस झाडकी पत्ती!

याच यादीत 'चूबीन रावटी' आहे, म्हणजे लाकडी रावटी. आपली राहुटी ती हीच. तंबूंचं खातं ते फर्राशखाना. पुण्यातल्या मंडळींनी फरासखाना पोलीस चौकी आठवावी, पेशवाईतलं तंबू-जाजमांचं खातं त्या नावात अजून टिकून आहे. आणि छावणीच्या मध्यभागी चाळीस गजांहून उंच खांबावर सोळा दोरांनी ताणलेला आकाशदिवा. रात्री अंधारात आपला डेरा सापडावा म्हणून. त्या काळचं लोकेशन शेअरिंगच म्हणा ना.

हे सगळं मी का वाचत बसलो? कारण थंडीत आम्ही चौघं बुलढाणा जिल्ह्यात जायचं म्हणतोय. सिंदखेडराजा, साखरखेर्डा, मेहकर, लोणार. मी मूळचा चिखलीचा, त्यामुळे 'तुझा जिल्हा, तंबूचं तूच ठरव' असं म्हणून बाकीचे मोकळे झाले. लोणारवर काही जुनं सापडतंय का पाहायला आईन उघडली (आहे त्यात: लोणारचं तीर्थमाहात्म्य आणि काच-साबणाला लागणारा माल तिथे मिळतो, हे दोन्ही अबुल फजलने टिपलंय) आणि तंबूंच्या प्रकरणात अडकलो.

अडकायचं कारण म्हणजे त्यातले आकडे. एका शाही मुक्कामाचं सामान वाहायला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल. शिवाय १००० फर्राश, ५०० बेलदार, १०० पाणके, ५० सुतार, वगैरे वगैरे. इंजिनियर माणसाला असे आकडे दिसले की कॅल्क्युलेटर आपोआप हातात येतो. माझं गणित अगदी ढोबळ आहे. हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरा: १५ टन. गाडीला दोनच बैल धरले तर ८०० बैल, प्रत्येकी सहा किलो कडबा: जवळजवळ पाच टन. उंटांना प्रत्येकी आठ किलो: चार टन. म्हणजे रोज २४ टन चारा, आणि तो फक्त तंबू वाहणाऱ्या जनावरांचा. फौजेचे घोडे यात धरलेलेच नाहीत.

तंबूचं वजन कापडात आणि खांबात कमी, चाऱ्यातच जास्त. आणि चारा कुठून येतो? वाटेवरच्या गावातून.

त्यात अजून एक भानगड. तळ उठवून, सामान लादून, पुढच्या ठिकाणी पुन्हा उभारायचं तर बादशहा तोवर बसणार कुठे? त्यावर उपाय म्हणजे पेशखाना. तंबूंचा दुसरा अख्खा संच एक मजल पुढे पाठवायचा. औरंगजेबाबरोबर १६६४-६५ मध्ये प्रवास केलेल्या बर्निये या फ्रेंच वैद्याने या पेशखान्याचा लवाजमा नोंदवलाय: साठावर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं, शंभर हमाल. आपल्या भाषेत हॉट स्टँडबाय. सोय झकास, पण खर्च दुप्पट.

मराठ्यांची सुरुवात बरोबर याच्या उलट टोकाला झाली. मोहिमेवर बायका, बटकी, कलावंतिणी न्यायच्या नाहीत, हा शिवाजी महाराजांच्या फौजेचा नियम सभासदाने नोंदवलेला आहेच. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते १६७०च्या दशकातलं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना धाडलेलं पत्र. पत्रात शौर्याबिर्याचं काही नाही. गवत-दाणा जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिरून दाणा, भाकर, गवत, भाजी उचलाल आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एका राजाला उंदराची वात सुचते, याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्यांनी कुठल्याही सिस्टीमचा सपोर्ट केलाय त्यांना हे पत्र लगेच कळेल.

आता साखरखेर्डा. सिंदखेडराजा तालुक्यातलं हे गाव, आमच्या चिखलीहून फार लांब नाही, पण शाळेत असताना तिथे काय घडलं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारिजखान या दोन मोगली सरदारांची इथे लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि निजाम दख्खनचा धनी झाला. हैदराबादचं आसफजाही राज्य सुरू झालं ते इथून, आणि संपलं थेट १९४८ साली. निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं होतं. लोकांनी साखर सोडली नाही.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर १७२७ मध्ये, बाजीराव याच मुलखात आला. जालना आणि सिंदखेडचा परगणा लुटून-जाळून तो वाशीम, मंगरूळकडे गेला, तिथून वळून खानदेशात, तापी ओलांडून गुजरातेत. निजाम तोफखाना आणि बुणगे घेऊन मागे. शेवटी पाठलागासाठी निजामाला जड तोफा मागे टाकाव्या लागल्या आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला तो पाण्याविना कोंडला गेला. ही मोहीम आपण हलक्या सामानाचा विजय म्हणून वाचतो आणि ते खरंच आहे. पण हलकी फौज वाहून आणत नाही ते सगळं वाटेत मिळवते. सिंदखेडच्या कुणब्याच्या दृष्टीने निजामाचे हत्ती आणि बाजीरावाचे घोडे यांत किती फरक होता, हा प्रश्न मला त्या जिल्ह्यातला म्हणून टाळता येत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या चिपळूणच्या पत्राचं मोल इथे कळतं.

पुढे आपणही जड झालोच. पानिपतावर गेलेल्या बुणग्यांबद्दल नव्याने सांगायला नको. १८०९ मध्ये ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर फिरत होता. तो लिहितो की बिनीवाला पुढे जाऊन जागा ठरवायचा, एक लहान पांढरं निशाण रोवायचा आणि त्यावरून शिंद्यांची देवडी, मग बाजारांची निशाणं, मग बाकी सगळे. 'बिनीचे शिलेदार' आपण भाषणात वापरतो, पण बिनीवाल्याकडे तळाची जागा निवडण्याचंही काम होतं. आणि ते काम चुकलं की काय होतं? १ ऑक्टोबर १७०० रोजी माण नदीकाठी खवासपूरला औरंगजेबाच्या छावणीत रात्री पूर घुसला. पळापळीत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडा झाला. दो-आशियानावर झोपला असता तर, असं मनात आल्याशिवाय राहत नाही. असो.

असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ची. त्या वर्षभरात शिंदे, भोसले, निजाम, इंग्रज, सगळ्यांच्या फौजा आणि त्यांचे तांडे या भागातून फिरले. १८०४च्या सुरुवातीला वेलस्लीने सिंदखेडबद्दल जे कळवलं ते जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे: गाव म्हणजे चोरांचा अड्डा झालाय, शेकड्यांनी लोक उपाशी मरताहेत आणि दाद घ्यायला सरकार म्हणून काही नाही. जिथे जिजाऊंचा जन्म झाला, त्या गावाची ही अवस्था. त्याला कारण एकट्या तंबूंचं नाही हे उघड आहे, पण फौजांनी चारा-दाणा खाल्ल्यावर मागे काय उरतं ते असं.

१८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि साहेबांचे हिवाळी दौरे सुरू झाले. पुन्हा तंबू, पुन्हा एक संच रातोरात पुढच्या मुक्कामी. ते वाहायला गावातल्या बैलगाड्या. गाडी द्यायची की नाही हे बहुधा गाडीवाल्याने ठरवायचं नसे. 'मु. पो.' मधला मुक्काम आपल्या पत्त्यात अजून आहे, तो नक्की कोणाचा मुक्काम, हा विचार आपण करत नाही एवढंच.

तर आता आमचा प्रश्न. टपावरचा तंबू साधारण ५० ते ८० किलोचा असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये टपाची क्षमता दिलेली असते, ती चालत्या गाडीची. उभ्या गाडीवर तंबू अधिक दोन माणसं सहज पेलतात, पण ८०च्या वेगात वळणावर तेच ७० किलो डोक्यावर असतात तेव्हा हिशोब वेगळा. विक्रेते पहिला आकडा क्वचित सांगतात आणि दुसरा मोठ्या अक्षरात छापतात. मित्राच्या हॅचबॅकचं मॅन्युअल पाहिलं, विषय तिथेच संपला. दुसऱ्याची एसयूव्ही निभावेल, पण समृद्धीवरचा आडवा वारा आणि डिझेलचं मीटर दोन्ही ध्यानात ठेवा. आपल्या हत्तीलाही चारा लागतोच.

फायदे आहेत, नाही असं नाही. आमची काळी माती ओली असली की मेख धरत नाही आणि सुकली की भेगाळते, तिथे टपावरचा तंबू राजा. पण सकाळी दूध आणायला गाडी काढायची तर घर मिटवून न्यावं लागतं, कारण आपल्याकडे पेशखाना नाही. आणि लोणारला याचा उपयोगच नाही: विवर अभयारण्यात आहे, २०२० पासून रामसर स्थळही, तिथे वाटेल तिथे शिडी लावता येत नाही. गावात खोली घ्यावी हे बरं.

आम्ही तीन-तीन किलोचे दोन साधे तंबू आणि एक ताडपत्री नेणार आहोत. मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर अख्खं घर एका घोड्यावर लादतो, त्यापुढे हेही जास्तच आहे. एसयूव्हीवाल्याची हौस अजून फिटलेली नाही, त्याला दोन दिवस भाड्याने आण म्हटलंय.

साखरखेर्ड्याजवळ काकांच्या ओळखीच्या एकाचं रान आहे. फोन केला तर म्हणाले, हरभरा निघाल्याशिवाय तिथं काही उभं करू नका रे बाबा. त्यामुळे बेत फेब्रुवारीअखेरीस ढकललाय.