सवाल आणि जवाब : ‘डे ला सोल’चा दुसरा अल्बम

राजापूर तालुक्यातील नाटे परिसरात, किंबहुना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात, जाखडीच्या निमित्ताने रंगणारा शक्ती-तुऱ्याचा सामना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना शाहिराच्या जवाबाचे महत्त्व सांगावे लागत नाही. प्रतिपक्ष समोरच असतो. त्याने टाकलेला सवाल सोडवूनच पुढे जावे लागते. न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात उदयास आलेल्या हिप हॉपमध्येही प्रतिस्पर्ध्याला शब्दांत नामोहरम करण्याची अशीच रीत आहे. मात्र ही मौखिक स्पर्धा ध्वनिमुद्रित होताच समोरचा प्रतिपक्ष नाहीसा होतो आणि कवीला आपल्याच पहिल्या यशाशी सामना करावा लागतो. लाँग आयलंडच्या ‘डे ला सोल’ या त्रयीचा दुसरा अल्बम या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा त्यांचा पहिला अल्बम १९८९ चा. ‘डेझी’ हा शब्द त्यांनी ‘आतला आवाज’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून घडवला होता. बाजाराने त्यातले फूल तेवढे उचलले आणि हे तिघे हिप्पी ठरले!

१९९१ च्या अल्बमचे नावच ‘डे ला सोल इज डेड’. मुखपृष्ठावर उलथलेली कुंडी आणि मोडलेली डेझीची फुले. येथे रोलाँ बार्थ आठवणे स्वाभाविक असले, तरी हा लेखक वाचकासाठी जागा मोकळी करीत नाही. वाचकांनी घडवलेल्या आपल्या प्रतिमेलाच तो मारतो. अल्बमची चौकटही तशीच आहे. कचऱ्यात सापडलेली याच अल्बमची कॅसेट काही दांडगट मुले हिसकावून घेतात, गाण्यांच्या अधूनमधून तिची टवाळी करतात आणि अखेरीस ती पुन्हा कचऱ्यात फेकतात. हरवलेला प्रतिपक्ष असा संहितेतच आणून बसवला आहे.

पहिल्या अल्बमला अमेरिकेत कालांतराने १० लाख प्रतींचे ‘प्लॅटिनम’ मानांकन मिळाले. दुसरा ५ लाखांच्या ‘गोल्ड’पाशी थांबला. याचे खापर श्रोत्यांच्या अभिरुचीवर फोडणे सोपे आहे, पण दोष संहितेतही आहे. पहिला अल्बम ज्याला ठाऊक नाही, त्याला या आत्मविडंबनाचा बराचसा संदर्भच लागत नाही. शाहिराचा जवाब ऐकणाऱ्याने सवालही त्याच रात्री ऐकलेला असतो. येथे दोहोंत दोन वर्षे गेली.

‘मिली पुल्ड अ पिस्टल ऑन सँटा’ हे गीत मात्र या ऋणातून मुक्त आहे. समाजसेवक म्हणून नावाजलेल्या बापाच्या लैंगिक अत्याचाराला बळी पडलेली मुलगी त्याला सांताक्लॉजच्या वेषात गाठते. तिने आधी सांगितले, तेव्हा निवेदकानेही तिच्यावर विश्वास ठेवलेला नव्हता.